आधी फोटो उलटा करून बघा

जुन्या वस्तीचे फोटो जमवणाऱ्या, ते एकमेकांना दाखवणाऱ्या आणि त्यामागच्या आठवणी लिहून ठेवणाऱ्या वाचकांकडून आम्ही अडचणी मागवल्या होत्या. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं कमी-जास्त लांबीची आहेत, कारण अडचणीही तशाच आहेत.

अल्बमची पानं चिकट आहेत, वर पारदर्शक प्लास्टिक आहे. फोटो निघतच नाहीत. ओढले तर फाटतील अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे, ओढू नका. या पानांवर गोंदाचे पट्टे असतात. वर्षं गेली की हा गोंद कडक आणि पिवळा होतो आणि फोटोची पाठ घट्ट धरून ठेवतो. गंमत म्हणजे त्याच अल्बममधल्या दुसऱ्या पानावर गोंद पार वाळून गेलेला असतो आणि प्लास्टिक उचललं की फोटो आपोआप खाली पडतात. म्हणून प्लास्टिकला हात लावण्याआधी प्रत्येक पान जसंच्या तसं फोनवर टिपून घ्या. एका रोलमधले फोटो बहुतेक वेळा शेजारीशेजारी लावलेले असतात. हा क्रम एकदा मोडला की कुठला फोटो कुठल्या दिवसाचा, हे सांगणारा एक भक्कम धागा गेला.

मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस हातभर घ्या, टोकं बोटांना गुंडाळा, कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा मागेपुढे करत न्या. फ्लॉस पानाला लगटून चालला पाहिजे आणि फोटो सपाट राहिला पाहिजे. फोटो वर वळवलात की चित्राच्या थराला भेग पडते आणि ती पांढरी रेघ कायमची राहते. फ्लॉस अडलाच तर पानाच्या मागच्या बाजूने हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, सतत हलता ठेवून, १५-२० सेकंद धरा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरीही सुटला नाही तर नाद सोडा. फोटोभोवतीचं पान कापा आणि पानासकट स्कॅन करा. पाठीवर काही लिहिलेलं असेल या आशेपायी पुढचं चित्र गमावू नये.

फोटो कुठल्या वर्षाचा हे कसं ओळखायचं? घरातले प्रत्येकजण वेगळं वर्ष सांगतात.

आधी फोटो उलटा करा. पाठीवर स्टुडिओचा शिक्का, कागद बनवणाऱ्या कंपनीचं पुसट नाव, पेन्सिलीने लिहिलेला ऑर्डरचा आकडा, काहीही असू शकतं. दिवा बाजूने, अगदी तिरका धरला की दाबून लिहिलेली पण पुसली गेलेली अक्षरंसुद्धा खोलगट दिसतात. पाठीचाही फोटो घ्या, कोरी असली तरी.

मग कागद. पाठ कागदासारखी न लागता गुळगुळीत, प्लास्टिकसारखी लागत असेल तर तो रेझिनचा लेप दिलेला कागद. रंगीत फोटोंसाठी तो १९६८च्या सुमारास आला आणि कृष्णधवलसाठी १९७०च्या दशकात. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारून बघा. कागद निळसर पांढरा झगझगला तर प्रिंट १९५०च्या सुमाराच्या आधीची नाही, कारण कागद उजळ दिसावा म्हणून घालायची ती रसायनं त्यानंतरच वापरात आली. उलट मात्र खरं धरू नका. न झगझगणारा कागद नंतरचाही असू शकतो. साडेतीन इंची चौकोनी रंगीत प्रिंट दिसली तर बऱ्याचदा ती १९६३मध्ये आलेल्या काडतूस-फिल्मच्या, म्हणजे बंद डबीतली फिल्म थेट आत बसवायच्या कॅमेऱ्याची असते.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक अशी, की कागदावरून फक्त प्रिंटचं वय कळतं, चित्राचं नाही. १९४८ची निगेटिव्ह १९७५मध्ये पुन्हा छापून घेतली असेल तर कागद १९७५च म्हणणार. कडेवर छापलेला महिना आणि वर्ष हे फिल्म धुतल्याचं असतं, आणि फिल्म कॅमेऱ्यात महिनोन्महिने पडून राहत असे. नंतरच्या कॅमेऱ्यांनी कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत उमटवलेली तारीखही डोळे मिटून मानू नका. बॅटरी बदलली की ते घड्याळ मुळापासून सुरू व्हायचं आणि ते लावण्याची तसदी कोणी घेत नसे.

चित्राच्या आत शोधायच्या त्या वर्ष सांगता येतील अशा गोष्टी: दिव्याचे खांब, टीव्हीचे अँटेना, भिंतीवरची जाहिरात, गाडीचं मॉडेल, अर्धवट बांधलेली इमारत. प्रत्येक गोष्ट दोनपैकी एकच सांगते, ‘याच्या आधीचा नाही’ किंवा ‘याच्या नंतरचा नाही’. अँटेना दिसतो म्हणजे टीव्ही आल्यानंतरचा, आणि कोपऱ्यावरचं जुनं घर उभं आहे म्हणजे ते पाडण्याआधीचा. दोन्ही टोकं मिळाली की मधला काळ लिहा: ‘१९६८ ते १९७४’. त्यापुढे कशावरून, तेही लिहा. नुसतं ‘१९७१’ लिहिणारा माणूस पुढच्याला फसवतो, कारण तो आकडा नोंदीतून आला की मनातून, हे नंतर कोणालाच कळत नाही.

आणखी एक. जुना रंगीत फोटो लालसर दिसला म्हणून तो संध्याकाळचा ठरत नाही. १९८०च्या आधीच्या बऱ्याच रंगीत प्रिंटांमध्ये निळा-हिरवा रंग अंधारात ठेवूनही विरतो आणि लाल उरतो. वेळ सावलीवरून ठरवा.

स्कॅन किती डीपीआयवर करायचं? दुकानदार ३०० म्हणतो, मुलगा म्हणतो फोननेच काढा.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपायचे तो आकडा. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटसाठी ६००. हिशेब सोपा आहे: ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर २४०० बाय ३६०० पिक्सेल होतो, म्हणजे सुमारे ८.६ मेगापिक्सेल. न दाबलेली, म्हणजे आकार कमी न केलेली टिफ फाइल २६ एमबीच्या आसपास. त्याच आकारात परत छापायचा असेल तर ३०० पुरतात, पण वस्तीच्या फोटोंत खरा माल पार्श्वभूमीत असतो. दुकानाची पाटी, गच्चीवरचा माणूस, लांबचा नळ, हे मोठं करून बघायचं असतं. सव्वादोन इंची चौकोनी, निगेटिव्हच्याच मापाच्या छोट्या प्रिंटांना १२०० लावा. त्या भलत्याच धारदार असतात, बारीक अक्षरं तिथेच वाचता येतात. पण त्यापुढे डीपीआय वाढवून नुसता कागदाचा पोत मोठा होतो.

निगेटिव्ह असेल तर प्रिंट बाजूला ठेवा आणि निगेटिव्ह स्कॅन करा. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर असते, तिला ३००० डीपीआय धरा, १२ मेगापिक्सेलची फाइल मिळते. छापताना प्रिंटच्या कडा कापल्या जात, त्यामुळे निगेटिव्हवर बाजूला आणखी अर्धं दार, आणखी एक माणूस सापडतो. चकचकीत बाजूने बघितल्यावर चित्र सुलट दिसतं आणि कडेची अक्षरंही सुलट वाचता येतात. उलटी घातली तर सगळी गल्ली आरशातली होते, आणि पाटी नसलेल्या फोटोत ही चूक वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

स्कॅनरच्या सेटिंगमधलं आपोआप धार काढणं, रंग सुधारणं, धूळ काढणं हे सगळं बंद ठेवा. धूळ काढायची अवरक्त किरणांची सोय कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, कारण फिल्मवरची चांदी ते किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं. कृष्णधवल प्रिंटही रंगीत म्हणूनच स्कॅन करा, म्हणजे शाईचा शिक्का, पिवळा डाग आणि पेन्सिल वेगवेगळी ओळखू येतात.

कागदावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असेल तर स्कॅनमध्ये सगळीकडे चमकते ठिपके येतात. तो फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून स्कॅन करा आणि दोन्ही प्रती एकावर एक सरासरीने मिसळा. ठिपके बरेच मावळतात.

फोन? शंभर फोटो एका दुपारी दुसऱ्याच्या घरी बसून टिपायचे असतील तर फोनच घ्यावा लागतो, त्यात कमीपणा काही नाही. फ्लॅश नको. फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, ऊन थेट नको. फोन अगदी जवळ नेला की कडा फुगतात, म्हणून थोडं वरून दुप्पट झूम करून टिपा आणि फोन फोटोला समांतर धरा. कडेला पट्टी ठेवली तर खरं माप नंतर कळतं.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला आहे. पाणी सोडून काढावा का?

नको. दमटपणामुळे फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगला आणि काचेला बसला. आता काच ही त्या चित्राची कातडी झाली आहे असं समजा. काही कृष्णधवल फोटो पाण्यात सुटतात हे खरं, पण ते संवर्धकाचं, म्हणजे जुने फोटो जपणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं काम. हाताने रंगवलेला किंवा इंकजेटवर छापलेला फोटो पाण्यात हमखास जातो. मागचा पुठ्ठा, खिळे काढा आणि काचेसकट स्कॅन करा. स्कॅनर मात्र सीसीडी जातीचा हवा, काचेपासून थोडं वर असलेलंही स्पष्ट टिपणारा. पातळ, हलके स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात. ते काचेला टेकलेलंच नीट बघतात, दोन मिलिमीटर वर गेलं की धूसर. तसा स्कॅनर मिळाला नाही तर कॅमेरा समोर, दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत आणि कॅमेऱ्यामागे काळं कापड, म्हणजे काचेत तुम्ही दिसणार नाही.

जुना फोटो जिथून काढला तिथेच उभं राहून आजचा फोटो काढायचा आहे. कितीही केलं तरी दोन्ही जुळत नाहीत.

बहुतेक जण झूम कमी-जास्त करत बसतात. झूमने दृष्टिकोन बदलत नाही, पाय हलवल्याने बदलतो. जागा बरोबर सापडली तर जास्तीचं नंतर कापता येतं. जागा चुकली तर कुठलीही लेन्स ती दुरुस्त करू शकत नाही.

जुन्या फोटोत आजही शिल्लक असलेल्या दोन वस्तू शोधा, एक जवळची आणि एक लांबची, जिथे जवळचीची कड लांबचीच्या एखाद्या रेषेला शिवते. समजा, दिव्याचा खांब लांबच्या खिडकीच्या उजव्या कडेला टेकलेला आहे. आज उभं राहिल्यावर खांब त्या कडेच्या डावीकडे दिसत असेल तर तुम्ही डावीकडे सरका, खांब उजवीकडे येईल. उजवीकडे दिसत असेल तर उजवीकडे सरका. पहिल्यांदा उलटं वाटतं, दोन-तीनदा केलं की पायांना कळतं. अशी दुसरी जोडी चित्राच्या दुसऱ्या बाजूला घ्या. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळतात अशी जागा एकच असते.

पुढे-मागेची खात्री मापाने करा. जुन्या प्रिंटवर जवळच्या दाराची रुंदी ३० मिलिमीटर आणि लांबच्या दोन खिडक्यांमधलं अंतर १२ मिलिमीटर असेल तर गुणोत्तर अडीच. तुमच्या फोनवरच्या चित्रात तेच तीन येत असेल तर तुम्ही फार जवळ आहात, मागे जा. दोन आलं तर पुढे या.

सगळ्यात दुर्लक्षित बाब उंचीची. लांब जाणाऱ्या भिंतीवरच्या आडव्या रेषा बघा. डोळ्याच्या वरच्या रेषा लांब जाताना खाली झुकतात, खालच्या वर चढतात, आणि मधली एखादी अगदी सपाट राहते. कॅमेरा सरळ धरलेला असेल तर त्या रेषेच्या उंचीवरच कॅमेरा होता. ती उंबऱ्यापासून जेमतेम मीटरभर वर निघाली तर चकित होऊ नका. पेटीसारख्या जुन्या कॅमेऱ्यात वरून खाली वाकून बघायचं, त्यामुळे तो पोटाशी धरला जाई. म्हणजे तुम्हाला गुडघे टेकावे लागतील. रेष पहिल्या मजल्याच्या पातळीवर निघाली तर समोरच्या घराच्या बाल्कनीतून काढला असणार, आणि ते घर आज नसेल तर जुळवणी अर्धवटच होणार हे मान्य करा.

इमारत एकही उरलेली नसली तरी रस्त्याचं वळण, चढ, जुनं झाड, लांबची टेकडी किंवा मनोरा बघा. गल्ल्या घरांपेक्षा जास्त वर्षं टिकतात. आणि सावल्या जुळायला हव्या असतील तर त्याच ऋतूत, त्याच वेळी जा. सावली भिंतीवर कुठवर चढली आहे ते जुन्या फोटोतच दिसतं.

शेजारच्या आजी म्हणतात तो पिठाच्या गिरणीचा कोपरा, काका म्हणतात छापखान्याचा. खरं कोणाचं मानायचं?

सध्या दोघांचंही. गिरणी जाऊन त्याच जागी छापखाना आला असेल तर दोघंही बरोबर आहेत. नोंदीत दोन ओळी लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे कोणी, कधी सांगितलं ते टाका. एक खोडून दुसरं ठेवलंत तर नंतर जुना नकाशा किंवा पावती सापडल्यावर ताडून बघायला काहीच उरत नाही.

विचारण्याची पद्धत मात्र बदला. दोघांना एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. एका वेळी एकालाच विचारा. फोटो लगेच दाखवू नका, कारण फोटो बघितला की आठवण त्या चौकटीत बसते आणि चौकटीबाहेरचं पुसलं जातं. आधी चालायला लावा: ‘घराच्या दारातून बाहेर पडलात, आता शाळेपर्यंत चला, डावीकडे पहिलं काय लागतं?’ सांगता सांगता त्यांनाच कागदावर रेघा ओढू द्या. नकाशा वाकडातिकडा येईल, तसाच जपा. त्यानंतर फोटो दाखवा आणि ‘ही गिरणी ना?’ असं न विचारता ‘इथे काय दिसतंय?’ एवढंच विचारा. जागेची आठवण लोकांची चांगली असते, सालाची वाईट. ‘कोणत्या साली?’ ऐवजी ‘तेव्हा थोरला कितवीत होता?’ विचारलं तर साल आपोआप हाती येतं.

रेकॉर्डिंग करत असाल तर पाऊण ते एक तास पुरे. फोन विमान मोडवर, खाली घडी केलेला टॉवेल, पंखा बंद. पंख्याची घरघर बोलताना जाणवत नाही, ऐकताना मात्र तीच ऐकू येते. सुरुवातीला तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि परवानगी, तिन्ही आवाजातच घ्या. फोटो दाखवताना त्याचा क्रमांक मोठ्याने म्हणा. ‘हा बघा, इथे आमचं दार’ हे वाक्य कुठल्या फोटोविषयी आहे, ते सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेले फोटो आठवड्याभरात नावाशिवाय, कापून, रंगवून परत येतात. काय उपाय?

पूर्ण उपाय नाही, नुकसान कमी करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि फाइलच्या पोटात लिहिलेली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दोन्ही शाबूत राहतात. तरीही पुढचा माणूस तो फोटो म्हणूनच पुढे ढकलणार, म्हणून माहिती चित्राच्या खाली वेगळी पांढरी पट्टी जोडून तिच्यात लिहा: जागा, अंदाजे काळ, कोणाच्या संग्रहातून, क्रमांक. चित्राच्या मधोमध नाव छापू नका. चोराला ते पुसता येतं आणि बघणाऱ्याला चित्र दिसत नाही.

पाठवायची प्रत लांब बाजूने २००० पिक्सेलची जेपेग करा. मूळ टिफ गटावर कधीच जाऊ नये. तिच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी. फाइलच्या नावात क्रमांक हवाच, आणि तोच क्रमांक फोटोच्या पाकिटावर.

यंत्राकडून रंगवलेल्या फोटोंबाबत आमचं मत स्पष्ट आहे: गंमत म्हणून ठीक, नोंद म्हणून शून्य. कृष्णधवल फोटोत साडी हिरवी की लाल ही माहितीच नसते, यंत्र अंदाज ठोकतं. ‘सुधारलेल्या’ फोटोंत तर धूसर चेहऱ्याच्या जागी दुसऱ्याच कोणाचा नीटनेटका चेहरा येतो आणि पाटीवर अक्षरांसारखे दिसणारे पण वाचता न येणारे आकार येतात. असा फोटो टाकायचाच तर शेजारी मूळ ठेवा आणि पट्टीत ‘यंत्राने रंगवलेला’ असं लिहा.

राहिला परवानगीचा भाग. प्रिंट तुमच्या कपाटात आहे म्हणून छायाचित्राचा हक्क तुमचा होत नाही. तो स्टुडिओचा किंवा छायाचित्रकाराचा असू शकतो आणि किती वर्षं, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं. कायद्यापेक्षा भांडण लवकर होतं ते माणसांवरून. रस्त्यावरची गर्दी चालते, पण घराच्या आतला, आजारपणातला किंवा लहान मुलांचा फोटो टाकण्याआधी त्या घरातल्या कोणाला तरी विचारा. हयात माणसाचं पूर्ण नाव आणि आजचा पत्ता एकत्र नको. कोणी ‘फोटो काढून टाका’ म्हटलं तर आधी काढून टाका, का ते नंतर विचारा.

निगेटिव्हच्या डब्याला आंबट वास येतो. टाकून द्यावा का?

टाकू नका, पण आजच वेगळा करा. व्हिनेगरसारखा वास म्हणजे अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म कुजते आहे. त्यातून निघणारं आम्ल कुजणं आणखी वाढवतं आणि शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागण करतं. बंद डब्यात वास कोंडून ठेवू नका. कागदी पाकिटांत, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि आधी यांचंच स्कॅन उरका, कारण फिल्म आकसून सुरकुतली की चित्राचा थर सोलून निघतो. १९५०च्या आधीची फिल्म असेल आणि कडेवर ‘सेफ्टी’ हा शब्द नसेल तर ती नायट्रेटची, चटकन पेट घेणारी असू शकते. ती घरात साठवू नका, दिव्याजवळ नेऊ नका. जवळच्या अभिलेखागाराला कळवून तिथे कशी पोहोचवायची ते विचारा.

पाकिटावर लिहायचं ते निगेटिव्ह आत घालण्याआधी, मऊ पेन्सिलीने. भरलेल्या पाकिटावर बॉलपेन चालवलं की आतल्या चित्रावर तुमची अक्षरं उमटतात.